बावीस अक्षरांचा पुरावा

पुण्यात अंडं दोन वाटांनी फिरतं. एक वाट सगळ्यांच्या ओळखीची: तीस-तीसचे ट्रे रचलेला टेम्पो, वाण्याचं दुकान, संध्याकाळची भुर्जीची गाडी. दुसऱ्या वाटेवरचं अंडं फलित असतं, रोगमुक्त कळपातलं असतं, आणि दहा दिवस उबवणी यंत्रात काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर येतं. १९५२ साली इथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. शहराबाहेर उरुळी कांचन, दौंड, शिरूरच्या बाजूला पोल्ट्रीच्या शेड पसरलेल्या आहेत. शेडमधल्या माणसाचा आणि प्रयोगशाळेतल्या माणसाचा प्रश्न मुळात एकच आहे: विषाणू आत शिरला, की हा पक्षी त्याच्याशी लढतो कशानं?

उत्तराचा एक मोठा तुकडा अंड्यातच सापडला. १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांनी कोंबडीच्या गर्भाभोवतालच्या पडद्याचे तुकडे घेतले आणि उष्णतेनं निकामी केलेल्या इन्फ्लुएन्झा विषाणूबरोबर ठेवले. मग त्यातला द्रव ताज्या पडद्यावर घातला. त्या पडद्यावर जिवंत विषाणूला वाढता येईना. द्रवातल्या त्या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन नाव दिलं. माणसाच्या औषधशास्त्रात मानाचं स्थान मिळवलेला हा रेणू पहिल्यांदा ओळखला गेला तो कोंबडीच्या अंड्यात, आणि पक्ष्यांच्या विषाणूविरोधी प्रतिकाराची कहाणी पुढे पन्नास वर्षं प्रामुख्यानं इंटरफेरॉनभोवतीच लिहिली गेली.

दुसरा तुकडा पक्ष्यापासून फार दूर सापडला. १९९० मध्ये पेटुनियाचा जांभळा रंग गडद करायला त्याच रंगाचं जास्तीचं जनुक घातलं, तर काही फुलं पांढरी झाली. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका बारीक सूत्रकृमीत दाखवलं, की दुपेडी आरएनए टोचला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं. या आरएनए इंटरफेरन्सला २००६ चं नोबेल मिळालं. वनस्पती आणि कीटकांमध्ये ही यंत्रणा विषाणूविरुद्धची मुख्य ढाल आहे, हेही लवकरच पक्कं झालं. पक्ष्यांमध्ये काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

यंत्रणा समजायला अवघड नाही. बरेच आरएनए विषाणू स्वतःची नक्कल काढताना आरएनएचे दोन धागे एकमेकांना बिलगलेल्या अवस्थेत सोडतात. निरोगी पेशीच्या पेशीद्रवात असा लांब दुपेडी आरएनए सहसा सापडत नाही, म्हणून तो दिसला की काहीतरी बिनसलंय हे पेशीला कळतं. डायसर नावाचं विकर त्याचे २१ ते २३ अक्षरांचे तुकडे करतं. अक्षर म्हणजे इथे एक न्यूक्लिओटाइड. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही धाग्यांचं एकेक टोक दोन अक्षरांनी बाहेर डोकावतं. ही डायसरची सही. तुकडा आर्गोनॉट प्रथिनात बसतो, एक धागा टाकला जातो, उरलेला धागा मार्गदर्शक होतो. त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए सापडला, की आर्गोनॉट-२ मार्गदर्शकाच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षरासमोर त्याचा छेद घेतं. इंटरफेरॉन म्हणजे गावभर पिटलेली दवंडी, सगळी दारं बंद करा. इथे दवंडी नाही. ज्याच्या अंगाचा तुकडा हाती लागला, नेमका तोच ओळखून कापायचा.

मग पृष्ठवंशी प्राण्यांबद्दल शंका का? फळमाशीकडे दोन डायसर आहेत, एक मायक्रोआरएनए, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या जनुकांना आवर घालणारे लहान आरएनए, घडवणारं आणि एक विषाणूसाठी. आपल्याकडे आणि कोंबडीकडे एकच. ते पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए घडवण्यात गुंतलेलं असतं आणि लांब दुपेडी आरएनए कापण्यात मंद आहे. शिवाय एलजीपी-२ नावाचं प्रथिन, जे इंटरफेरॉनच्या हाकेनं वाढतं, सस्तन पेशींत डायसरला अडवतं असं दिसलं आहे. म्हणजे दवंडी पिटली की कात्री बाजूला ठेवली जाते. २०१३ मध्ये उंदराच्या मूलपेशींत आणि तान्ह्या पिल्लांत विषाणूविरोधी आरएनए इंटरफेरन्स दिसल्याचे दोन शोधनिबंध एकत्र आले आणि मोठा वाद पेटला. माझं मत असं, की त्या वादाचा निकाल काहीही लागो, तो पक्ष्यावर लादता येत नाही. कारण पक्ष्याच्या भात्यातले बाण वेगळे आहेत.

कोंबडीकडे रिग-आय नाही. विषाणूचा आरएनए ओळखून इंटरफेरॉनची दवंडी देणारा हा महत्त्वाचा पहारेकरी बदकाकडे आहे, कोंबडीच्या जनुकसंचातून नाहीसा झाला आहे. २०१० मध्ये हे दाखवलं गेलं, तेव्हा बदकाचा रिग-आय कोंबडीच्या पेशींत घातल्यावर त्या पेशींत इन्फ्लुएन्झा कमी वाढला. इन्फ्लुएन्झाचे बहुतेक प्रकार पचवून बदक पोहत राहतं आणि कोंबडी मरते, यामागचं हे एक कारण मानलं जातं. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर थापट्या, चक्रवाक आणि हळदी-कुंकू बदकं एकत्र दिसतात. त्यांच्यात आणि काठावरच्या गावातल्या कोंबडीत पिसांपेक्षा मोठा फरक हा आहे. कोंबडीकडे रिग-आयला मदत करणारं रिप्लेट नाही, इंटरफेरॉनचं जनुक चालू करणारं आयआरएफ-३ सुद्धा नाही. दुपेडी आरएनए ओळखणारे एमडीए-५ आणि टीएलआर-३ हे पहारेकरी, आणि एलजीपी-२, मात्र आहेत.

इथे एक मोह होतो. एक पहारेकरी गेला, तर कात्रीवर जास्त भार पडत असेल, असा तर्क सुचतो. तर्क देखणा आहे, म्हणूनच त्याच्यापासून सावध राहावं लागतं. रिग-आय नाही हे एमडीए-५ आपल्या परीनं भरून काढतं. एक गोष्ट नसणं हा दुसरी असण्याचा पुरावा होत नाही. पुरावा वेगळा गोळा करावा लागतो, आणि तो कसा करायचा, कुठे फसतो, यातच या विषयाचा खरा रस आहे.

सुरुवात डीएफ-१ पेशींपासून करतात. कोंबडीच्या दहा दिवसांच्या गर्भातून आलेली, आपोआप अमर झालेली ही फायब्रोब्लास्टची, म्हणजे संयोजी ऊतीतल्या पेशींची, पेशीरेषा. तिला ३९ अंश सेल्सिअस मानवतं. माणसाच्या पेशींच्या सवयीनं ३७ वर ठेवली तरी जगते, पण कोंबडीचं शरीर ४१-४२ अंशांवर चालतं हे विसरून चालत नाही. विषाणू घातल्यावर ६, १२, २४ आणि ४८ तासांनी नमुने घ्यावेत. प्रत्येक वेळेचा एक नमुना विषाणू न घातलेला हवा. विषाणूची मात्रा फार वाढवली तर पेशी एकदम मरतात, आणि मेलेल्या पेशींच्या आरएनएचा भुगा सगळ्या लांबींमध्ये पसरतो.

आरएनए काढताना पहिली फसगत होते. नेहमीच्या गाळणी-स्तंभाच्या किटमधून २०० अक्षरांहून लहान आरएनए बहुतांश वाहून जातो, आणि आपल्याला हवे आहेत बावीस अक्षरांचे. त्यामुळे ट्रायझॉलनं काढून अल्कोहोलनं अवक्षेपित करणं, किंवा लहान आरएनएसाठीच बनवलेलं किट वापरणं, हेच बरं. मग १५ टक्के अ‍ॅक्रिलअमाइडच्या युरिया जेलवर चालवून १८ ते ३० अक्षरांची पट्टी कापायची. जेलवर जास्त माल चढवला की पट्ट्या वाकतात आणि शेजारचा कचरा सोबत येतो. त्यानंतर दोन्ही टोकांना जोडतुकडे लावायचे, म्हणजे अनुक्रमण यंत्राला वाचता यावं म्हणून ठरावीक अक्षरांचे तुकडे. नेहमीच्या पद्धतीत ते ५ बाजूला फॉस्फेट आणि ३ बाजूला हायड्रॉक्सिल असलेल्या तुकड्यांनाच नीट लागतात. डायसरचा माल असाच असतो, रासायनिक तुटीचा भुगा बहुधा नसतो, म्हणजे इथे थोडी चाळणी आपोआप होते. मात्र आरएनए कमी पडला की जोडतुकडे एकमेकांनाच चिकटतात. त्यांची पट्टी हव्या त्या पट्टीपेक्षा जेमतेम पंचवीस अक्षरांनी खाली येते. ती शिरली तर अनुक्रमणाचा निम्मा खर्च पाण्यात.

वाचन हाती आलं की ते विषाणूच्या जनुकसंचावर बसवून पाहतात. लांबीच्या आलेखात २२ जवळ टोकदार शिखर आहे का? सरळ आणि उलट दोन्ही धाग्यांचे तुकडे जवळपास सारखे आहेत का? आणि बावीस अक्षरांच्या जोड्या एकमेकांवर बरोबर वीस अक्षरं पडतात का, म्हणजे दोन अक्षरांची डायसरची सही दिसते का? तिन्ही खुणा जुळल्या तर संशय बळावतो. नुसतं शिखर दिसलं आणि सगळे तुकडे एकाच धाग्याचे निघाले, तर तो बहुधा तुटलेल्या आरएनएचा कचरा.

पण गंबोरोच्या विषाणूत यातली दुसरी खूण निरुपयोगी ठरते. पिल्लांच्या बर्सा या अवयवातल्या बी-पेशी मारणाऱ्या या विषाणूचा जनुकसंच मुळातच दुपेडी आरएनएचा आहे, दोन तुकड्यांत, एक सुमारे ३,२०० आणि दुसरा सुमारे २,८०० जोड्यांचा. विषाणूकणांतून आलेला जनुकसंच कुठेही यादृच्छिक तुटला, तरी दोन्ही धागे समप्रमाणात मिळणारच. तिथे लांबीचं शिखर आणि दोन अक्षरांची सही यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

याच्या पुढची पायरी जास्त कडक. हे तुकडे खरोखर आर्गोनॉटमध्ये बसले आहेत का? त्यासाठी आर्गोनॉट प्रतिपिंडानं ओढून काढायचं आणि त्याच्यासोबत काय आलं ते वाचायचं. माणसाच्या आर्गोनॉटविरुद्ध बनवलेलं प्रतिपिंड कोंबडीच्या प्रथिनाला धरेल असं गृहीत धरू नये. कोंबडीच्याच आर्गोनॉट-२ ला ओळखपट्टी जोडून पेशींत घालणं सुरक्षित. ओढलेल्या मालात पेशीचे ओळखीचे मायक्रोआरएनए भरपूर आले तर ओढणं जमलं. ते आलेच नाहीत, तर विषाणूचे तुकडे न मिळण्याला काही अर्थ नाही.

शेवटची आणि सर्वांत अवघड कसोटी: यंत्रणा काढून घेतली तर विषाणू वाढतो का? डायसर बंद केलं की मायक्रोआरएनएही जातात, पेशीची सगळी घडी विस्कटते, आणि विषाणू वाढला तरी कारण नेमकं कुठलं ते सांगता येत नाही. मला जास्त विश्वासार्ह वाटतो तो प्रयोग असा: आर्गोनॉट-२ काढून त्याजागी असं रूप घालायचं, जे मायक्रोआरएनए पकडतं पण कापत नाही. सोबतीला एमडीए-५ बंद केलेल्या पेशींतही तेच करून पाहायचं, म्हणजे दवंडीचा गोंगाट बाजूला राहतो. हे दोन्ही एकत्र केल्याशिवाय काढलेला निष्कर्ष माझ्या लेखी अर्धवट.

एक पुरावा मात्र विषाणूच्या बाजूनं येतो. ज्या घराला कडी असते, तिथेच चोर कडी उघडायचं हत्यार घेऊन येतो. गंबोरोच्या विषाणूकडे व्हीपी-३ नावाचं प्रथिन आहे, दुपेडी आरएनएला चिकटणारं. २०१२ मध्ये दाखवलं गेलं, की ते फक्त लांब दुपेडी आरएनएलाच नाही, तर डायसरनं कापलेल्या लहान जोड्यांनाही धरतं आणि आरएनए इंटरफेरन्स दाबतं. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. प्लम पॉक्स हा वनस्पतींचा विषाणू. त्याच्याकडे स्वतःचं दडपणारं प्रथिन नसेल, तर त्याला झाडात शिरकाव मिळत नाही. ते काढून त्याजागी कोंबडीच्या विषाणूचं व्हीपी-३ बसवलं, आणि प्लम पॉक्सला झाडात पुन्हा संसर्ग करता आला. कोंबडीच्या रोगातलं हत्यार झाडाच्या कुलपाला लागलं.

पण कोंबडीच्या घराला कडी आहे हे यावरून पूर्ण सिद्ध होत नाही. दुपेडी आरएनए झाकून ठेवणारं व्हीपी-३ तो एमडीए-५ पासूनही लपवतं, हेही दाखवलं गेलं आहे. एकच हत्यार दोन कुलपांना लागतं, मग चोर नेमका कुठल्या कुलपासाठी ते घेऊन आला? इन्फ्लुएन्झाच्या एनएस-१ प्रथिनाचीही हीच अडचण. आणि व्हीपी-३ काढून टाकून पाहू म्हणावं, तर त्याच्याशिवाय विषाणूकणाची जुळणीच होत नाही. झाडाचा आडवळणाचा मार्ग घ्यावा लागला तो म्हणूनच.

शेडवरच्या माणसाला या चर्चेतलं काय हवं असतं? गंबोरो तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना गाठतो, आणि त्याला तोंड द्यायला आज लसच आहे. साधारण दोन आठवड्यांच्या वयाला ती पिण्याच्या पाण्यातून देतात. पाण्यात क्लोरीन असेल तर लसीतला जिवंत विषाणू मरतो, म्हणून लिटरला दोन-अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी मिसळतात. आईकडून पिल्लात उतरलेली प्रतिपिंडं अजून जास्त असतील, तर ती लसीचा विषाणूच मारून टाकतात. उशीर केला, तर खरा रोग आधी पोचतो. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस एका वयाला आणि गंबोरोची दुसऱ्या, हे वेळापत्रक पाळणारा शेतकरी प्रतिकारशक्तीचं अत्यंत नाजूक गणित रोज सोडवत असतो. आरएनए इंटरफेरन्स त्याला आज लसीऐवजी काही देत नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्यांवर त्यानं विश्वास ठेवू नये.

औषध म्हणून या यंत्रणेची परीक्षा झाली आहे, तीही अंड्यातच. २००३ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या एनपी आणि पीए जनुकांशी जुळणारे २१ अक्षरांचे तयार तुकडे विषाणूसोबत दहा दिवसांच्या अंड्यात टोचले आणि विषाणूची वाढ स्पष्ट घटली. हे टोचणं कसं असतं तेही सांगायला हवं. अंधारात दिव्यासमोर अंडं धरून हवेच्या कप्प्याची कड पेन्सिलनं आखायची, रक्तवाहिन्या टाळून कडेच्या किंचित वर छिद्र पाडायचं, ०.१ ते ०.२ मिलिलीटर द्रव गर्भाभोवतीच्या अ‍ॅलॅन्टॉइक पोकळीत सोडायचा, मेणानं बंद करायचं. पहिल्या २४ तासांत मेलेलं अंडं हिशेबात धरत नाहीत, कारण ते विषाणूपेक्षा सुईच्या जखमेनं किंवा जिवाणूनं मेलेलं असण्याची शक्यता जास्त. द्रव काढण्याआधी अंडी रात्रभर ४ अंशांवर ठेवतात. न ठेवल्यास रक्त उतरतं, आणि रक्तपेशी विषाणूला धरून ठेवतात, मोजमाप कमी येतं.

या प्रयोगाचा अर्थ मात्र जपून लावायला हवा. बाहेरून तयार तुकडे दिले आणि काम झालं, म्हणजे कोंबडीच्या पेशींतली कापणारी यंत्रणा शाबूत आहे. पक्षी स्वतःहून ती विषाणूवर चालवतो, हे त्यातून दिसत नाही. मराठीतल्या लोकप्रिय विज्ञानलेखनात ही दोन विधानं सर्रास एक केली जातात, आणि ते मला खटकतं. तशीच गल्लत २०११ च्या जनुकबदल केलेल्या कोंबड्यांबाबत होते. त्यांच्या पेशी एक लहान आरएनए बनवत, जो इन्फ्लुएन्झाच्या पॉलिमरेझला, म्हणजे विषाणूची नक्कल काढणाऱ्या विकराला, फसवून स्वतःकडे खेचे. संसर्ग झालेल्या त्या कोंबड्या मेल्या, पण शेजारच्यांना त्यांनी विषाणू दिला नाही. तो सापळा होता, कात्री नव्हती.

मॅरेक्सच्या रोगात तर पारडं उलट फिरतं. हा हर्पीस विषाणू कोंबडीच्याच डायसर-आर्गोनॉटवर स्वतःचे मायक्रोआरएनए घडवून घेतो. त्यातला एम-४ हा कोंबडीच्या स्वतःच्या मिर-१५५ या मायक्रोआरएनएची नक्कल करतो, आणि त्याच्या कळीच्या भागातली दोन अक्षरं बदलली, तरी गाठी येणं थांबतं.

मग पक्ष्यात लहान आरएनए विषाणूविरुद्ध लढल्याचा ठाम पुरावा कुठे आहे? माझ्या मते प्रजननपेशींत. तिथले पीआरएनए नावाचे लहान आरएनए डायसरशिवाय तयार होतात, आर्गोनॉटच्या भावंडांत, म्हणजे पिवी प्रथिनांत बसतात, आणि बावीसपेक्षा लांब असतात, साधारण २४ ते ३१ अक्षरांचे. एव्हियन ल्युकोसिस हा रेट्रोविषाणू कोंबडीच्या जनुकसंचात स्वतःला कोरतो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. म्हणूनच पैदाशीच्या कळपांत अंड्याच्या पांढऱ्या बलकात त्याचं पी-२७ प्रथिन तपासून संसर्ग झालेल्या माद्या काढून टाकतात. २०१७ मध्ये दिसलं, की पाळीव कोंबड्यांत अशाच एका जुन्या विषाणूचा जनुकसंचात अडकलेला मोडका अवशेष पीआरएनए तयार करणारं ठाणं झाला आहे. ते पीआरएनए त्याच विषाणूच्या जातभाईंना लक्ष्य करतात. आत शिरून बसलेल्या शत्रूच्या सांगाड्यावरच पहारा उभा राहिला आहे.

हे पाहायचं असेल तर डीएफ-१ पेशी घेऊन बसणं व्यर्थ आहे. एक तर त्या फायब्रोब्लास्ट, तिथे पिवी यंत्रणा नाही. दुसरं, ही पेशीरेषा ज्या कळपातून आली तो मुद्दाम असा निवडलेला, की त्याच्या जनुकसंचात ल्युकोसिसचे हे अवशेषच नाहीत. इथे प्रौढ कोंबड्याचं वृषण लागतं, कापल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेलं. त्यातून काढलेल्या लहान आरएनएचे दोन भाग करायचे आणि एकावर सोडियम पेरिआयोडेट घालायचं. पीआरएनएच्या ३ टोकाला मिथाइलचं झाकण असतं, म्हणून ते टिकतात. झाकण नसलेल्या मायक्रोआरएनएचं टोक ऑक्सिडेशननं बिघडतं, त्यांना जोडतुकडा लागत नाही, आणि वाचनातून ते गळून जातात. दोन्ही भागांचे लांबीचे आलेख शेजारी ठेवले, की पेरिआयोडेटच्या भागात बावीसचं शिखर बसलेलं दिसतं आणि त्याच्या उजवीकडचा पीआरएनएचा उंचवटा तसाच उभा असतो.